‘द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर’ : भीती आणि प्रेम, एकाच वाड्यात

नेटफ्लिक्सवर ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली ‘द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर’ ही सीरिज निव्वळ भयकथा म्हणून बघायला बसलं, तर तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. रात्री जिन्यावर चिखलाची पावलं उमटतात, बाहुलीघरातल्या बाहुल्या आपोआप जागा बदलतात, आरशात कुणीतरी दिसतं, पण दचकवणारे धक्के मोजकेच. त्याच निर्मात्याच्या, माइक फ्लॅनगनच्या, २०१८ सालच्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ने घाबरवलं होतं, त्याच्या निम्म्यानेही ही घाबरवत नाही. तरी ती जास्त दिवस मनात राहते, कारण तिच्यातली भीती आणि तिच्यातलं प्रेम एकाच नियमावर चालतात. जिथे हा नियम घट्ट धरलाय, तिथे सीरिज अव्वल दर्जाची आहे. जिथे तो समजावून सांगण्यात वेळ घालवलाय, तिथे ती ढेपाळते.

आधी जुजबी माहिती. एकूण नऊ भाग, प्रत्येक साधारण पाऊण ते सव्वा तासाचा. गोष्ट एका हंगामात पूर्ण होते, पुढचा हंगाम नाही. ‘हिल हाउस’ आधी बघायची गरज नाही; काही नट तेच असले तरी पात्रं आणि कथा वेगळ्या आहेत. काळ १९८७, जागा इंग्लंडमधल्या खेड्याजवळचं ब्लाय नावाचं जुनं, अवाढव्य घर. आईवडील गेलेली दोन भावंडं, माइल्स आणि फ्लोरा, तिथे राहतात. त्यांचे काका हेन्री लंडनमध्ये दारूच्या आधाराने दिवस ढकलतात आणि मुलांच्या जवळही फिरकत नाहीत. मुलांना सांभाळायला ते डॅनी क्लेटन या अमेरिकन तरुणीला नेमतात. घरात हाउसकीपर हॅना, स्वयंपाकी ओवेन आणि बागकाम करणारी जेमी. आधीची शिक्षिका रेबेका घराजवळच्या तळ्यात बुडून मेलेली आहे आणि तिचा प्रियकर पीटर क्विंट बेपत्ता आहे. ही सगळी गोष्ट २००७ साली कॅलिफोर्नियातल्या एका लग्नाच्या आदल्या रात्री एक बाई पाहुण्यांना सांगते आहे.

मूळ बीज हेन्री जेम्सच्या १८९८ सालच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या लघुकादंबरीचं. तिथली सगळी गंमत एका शंकेत आहे: भुतं खरंच आहेत, की शिक्षिकेच्या मनाचे खेळ? समीक्षक शंभर वर्षांहून अधिक काळ त्यावर भांडत आलेत. फ्लॅनगनने ही शंका पहिल्याच फटक्यात काढून टाकली. इथे भुतं खरोखरच आहेत. जेम्सच्या चाहत्यांना हे खटकेल, आणि तसं खटकणं रास्तही आहे. पण त्या बदल्यात मोकळी झालेली जागा त्याने दुसऱ्या प्रश्नाला दिली: मेलेलं माणूस जात का नाही? प्रेमकथेचा धागा इथूनच सुरू होतो. भागांची नावंही जेम्सच्याच लेखनातून घेतली आहेत आणि सीरिजचे बरेच तुकडे त्याच्या इतर कथांमधून उचललेले आहेत. १९६१ साली याच कादंबरीवर ‘द इनोसंट्स’ हा चित्रपट आला होता. त्यातलं अंगाईसारखं गाणं इथेही घुमतं, आणि त्याचा दिग्दर्शक जॅक क्लेटन याचं आडनाव नायिकेला मिळालंय.

इथून पुढे कथानकाचे तपशील आहेत. ज्यांना कोरी पाटी घेऊन बघायची आहे, त्यांनी सीरिज संपवून मग पुढचं वाचावं.

ब्लायचा नियम साधा आहे. या आवारात जो मेला, तो तिथेच अडकला. अडकलेला आत्मा फिरतो, जेवत-झोपत नाही, हळूहळू स्वतःचं नाव विसरतो, मग इतरांचे चेहरे विसरतो आणि शेवटी त्याचा स्वतःचा चेहरा पुसला जातो. डोळे, नाक, ओठ सपाट होत जातात. पार्श्वभूमीत उभी असलेली भुतं नीट बघितली, तर कोण जुनं आणि कोण नवं हे चेहऱ्यावरूनच कळतं. ही रचना हुशारीची आहे. चेहरा नसलेली बाई बघून आधी अंगावर काटा येतो, आणि चेहरा का नाही हे कळलं की तिच्याबद्दल वाईट वाटायला लागतं. एकाच मेकअपमधून दोन भावना निघतात. टीव्हीवरच्या बहुतेक भूतकथांमध्ये भुताचं रूप फक्त घाबरवण्यासाठी असतं. ते का तसं आहे याचं उत्तर भुताच्या दुःखात सापडणं फार क्वचित घडतं.

दुसरं साधन म्हणजे प्रतिबिंब. डॅनी ब्लायला येते ती सोबत स्वतःचं भूत घेऊन. हे भूत तिचा होणारा नवरा एडमंड याचं. लग्न मोडायचं आहे हे तिने त्याला गाडीत सांगितलं, तो चिडून खाली उतरला आणि समोरून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. त्या ट्रकचे दिवे त्याच्या चष्म्यात चमकले, आणि तेव्हापासून तो तिला आरशात, काचेत, खिडकीत तसाच दिसतो: काळी आकृती आणि डोळ्यांच्या जागी दोन पेटते गोळे. म्हणून डॅनी सुरुवातीपासून आरसे झाकते. जिच्या ती प्रेमात पडते त्या जेमीच्या जवळ गेली की नेमका तो आकार मागे उभा राहतो. चौथ्या भागात ती त्याचा चष्मा शेकोटीत टाकते, तेव्हा कुठे तो जातो. आता हेच साधन शेवटच्या भागात कसं उलटं फिरवलंय ते पाहा. डॅनी गेल्यावर जेमी न्हाणीघरातला टब आणि बेसिन काठोकाठ भरते आणि पाण्यात वाकून बघते, तिथे डॅनीचा चेहरा दिसेल या आशेने. रात्री झोपताना दार जरासं उघडं ठेवते. जी गोष्ट एकीला नको म्हणून आरशावर कापड टाकायला लावते, तीच दुसरीला हवी म्हणून पाण्याशी नेते. भय आणि शृंगार यांचं मिश्रण म्हणजे एक प्रसंग भीतीचा, एक प्रेमाचा असं आलटून पालटून दाखवणं, हा गैरसमज असणाऱ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघावेत.

हॅना आणि ओवेनबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण सीरिजचा सर्वोत्तम तास त्यांचा आहे. पाचवा भाग. हॅना पहिल्या भागापासून आपल्यासमोर आहे: नीटनेटकी, शांत, चॅपलमध्ये मेणबत्त्या लावणारी. ती कधी काही खात नाही. ओवेन प्रत्येक वेळी काहीतरी पुढे करतो आणि ती हसून टाळते. तिला भिंतीवर एक तडा दिसतो, जो दुसऱ्या कुणाला दिसत नाही. पाचव्या भागात ती एका आठवणीतून दुसरीत घसरत राहते. एक दार उघडलं की वेगळंच वर्ष. आणि पुन्हा पुन्हा ती एकाच जागी येते: स्वयंपाकघरातलं टेबल, समोर मुलाखतीला आलेला ओवेन. प्रश्न तेच, उत्तरं जवळपास तीच. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ओवेनच्या उत्तरांत थोडा फरक पडायला लागतो. आठवणीतला ओवेनच तिला विचारायला लागतो की तू इथे का येतेस, तुला काय ठाऊक करून घ्यायचं नाहीये. शेवटी कळतं की डॅनी ब्लायला आली त्याच दिवशी, अगदी काही क्षण आधी, पीटरच्या ताब्यातल्या माइल्सने हॅनाला विहिरीत ढकललं होतं. डॅनी ब्लायला आल्यापासून आपण तिला जिवंत असं एकदाही पाहिलेलं नाही.

या भागाची ताकद धक्क्यात नाही. त्याचा अंदाज चाणाक्ष प्रेक्षकाला आधीच येतो. ताकद या गोष्टीत आहे की मेल्यावर भटकणारं मन कुठे जाऊन थांबतं, तर जे प्रेम बोलून दाखवायचं राहिलं त्याच्या पहिल्या भेटीपाशी. मुलाखतीचा प्रसंग कंटाळवाणा होऊ शकला असता, कारण तो इतक्यांदा येतो. टी'निया मिलर दर फेरीला चेहऱ्यावर एक नवी छटा आणते: आधी कौतुक, मग गोंधळ, मग ओळखीची भीती, मग फक्त तिथून निघायची अनिच्छा. राहुल कोहलीने ओवेनला कोट्या करणारा, मऊ स्वभावाचा माणूस केलंय, त्यामुळे तोच तोंडावर सत्य सांगायला लागतो तेव्हा जास्त लागतं. तो शेकोटीजवळ तिला आपल्यासोबत पॅरिसला यायला सांगतो. तिला जायचंय आणि जाता येणार नाही, हे आपल्याला पहिल्यांदा बघताना माहीत नसतं. दुसऱ्यांदा बघताना ते वाक्य ऐकवत नाही.

पीटर आणि रेबेकाचा धागा मुद्दाम उलट्या बाजूचा आहे. रेबेका हुशार, वकील व्हायची स्वप्नं पाहणारी. पीटर देखणा, बोलघेवडा आणि मालकाचे पैसे लांबवणारा. सुरुवातीला त्यांच्या भेटी मोहक वाटतात. मग ओवेनशी रेबेका दोन शब्द हसून बोलली म्हणून पीटरचं तोंड उतरतं, आणि पुढचं सगळं त्या एका क्षणात दिसून जातं. मेल्यावर पीटरला शोध लागतो की जिवंत माणसाने मान्यता दिली तर भूत त्याच्या शरीरात शिरू शकतं. ‘तू’, ‘मी’ आणि ‘आपण’ यांची सांगड घालणारं एक छोटं वाक्य उच्चारलं की झालं. तो रेबेकाकडून ते वदवून घेतो, तिच्या शरीरासकट तळ्यात चालत जातो आणि ऐन बुडण्याच्या क्षणी बाहेर निघतो. मरण तिच्या एकटीच्या वाट्याला. नंतर शेवटच्या भागात डॅनी हेच वाक्य स्वतःहून उच्चारते, फ्लोराला वाचवण्यासाठी, तळ्यातून उठून घरात फिरणाऱ्या बाईच्या भुताला आपल्यात घेताना. एका ठिकाणी ताबा, दुसऱ्या ठिकाणी दान. त्याच प्रसंगात रेबेकाही फ्लोराला बुडण्याचा त्रास जाणवू नये म्हणून तिची जागा घ्यायला पुढे होते. जे तिच्याशी झालं ते ती मुलीशी होऊ देत नाही. हे सगळं संवादात फारसं न सांगता उभं केलंय, आणि इथे लेखकांना पूर्ण गुण द्यावे लागतील.

मग अडतं कुठे? सातव्या भागात. पीटरला मुलांची शरीरं हवी आहेत, हा बेत आपल्याला तोवर कळलेला असतो. तरी तो लांबलचक समजावला जातो. डॅनीला माळ्यावर बांधून ठेवलंय, ताण वाढायला हवा, पण माणसं उभी राहून भुतांचे नियम बोलत राहतात. नियम आधी कृतीतून कळले आहेत. ते पुन्हा वाक्यांत ऐकले की भीती उरत नाही. भाग संपतो तेव्हा तळ्यातल्या बाईने डॅनीचा गळा धरलेला असतो आणि नेमका त्याच ठिकाणी आठवा भाग आपल्याला सतराव्या शतकात नेतो.

हा आठवा भाग कृष्णधवल आहे, आणि त्यावर प्रेक्षकांत सरळ दोन तट पडतात. व्हायोला आणि पर्डिटा या दोन बहिणी, घर वाचवायला दूरच्या नातलगाशी केलेलं लग्न, मग व्हायोलाला फुफ्फुसाचा आजार. मरणापूर्वीची प्रार्थना म्हणायला आलेल्या पाद्रीसमोर ती मरायला साफ नकार देते, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं खंगत जगते. शेवटी बहीणच तिला गुदमरवून मारते. मुलीसाठी कपडे-दागिन्यांनी भरून ठेवलेली पेटी हा तिचा एकच आग्रह. मेल्यावर ती त्या पेटीत मुलीची वाट बघत बसते. पेटी उघडते ती पर्डिटा, आणि जीव गमावते. घाबरलेला नवरा पेटी तळ्यात टाकतो. तिथून ती पुन्हा पुन्हा रात्री उठते, तळ्यातून दारापर्यंत, जिन्यावरून वर, आपल्या जुन्या खोलीतल्या पलंगापर्यंत, आणि मुलगी नाही म्हणून परत. वाटेत जो येईल तो मरतो. पहिल्या भागाच्या अखेरीस मुलं डॅनीला कपाटात कोंडतात आणि ती बाहेर आल्यावर घरभर चिखलाची पावलं दिसतात, त्याचं कारण इथे मिळतं: ती वाट कधीच बदललेली नाही, आणि फ्लोराला बाहुलीघरावरून ती बाई कुठे आहे हे कळत होतं.

केट सीगलने व्हायोलाचा हट्टीपणा असा उभा केलाय की तिच्याबद्दल कीव आणि दहशत एकदम वाटते. गॉथिक कथेची सगळी सामग्री या एका तासात आहे: वारसा, दोघी बहिणी, एक पुरुष, कुलूपबंद पेटी, नकोसं मरण. तक्रार जागेबद्दल आहे. हा भाग सहाव्याच्या आधी आला असता, तर सातव्यातली अर्धी स्पष्टीकरणं लागलीच नसती आणि गळा धरलेल्या क्षणाचा ताणही तुटला नसता. आत्ताच्या क्रमात प्रेक्षक तासभर डॅनीचं काय झालं याच विचारात असतो आणि व्हायोलाकडे पुरेसं लक्ष देत नाही.

बाकी उणिवा थोडक्यात. डॅनी-एडमंड, डॅनी-जेमी, हॅना-ओवेन, पीटर-रेबेका, हेन्री आणि त्याची वहिनी, व्हायोलाचं घर. नऊ भागांत इतक्या जोड्या बसवताना हेन्रीचा धागा सगळ्यात हलका राहिलाय. त्याला सतावणारा त्याचाच हसरा जुळा ही कल्पना बरी आहे, पण ती ब्लायच्या नियमात बसत नाही, म्हणून उपरी वाटते. लग्नात गोष्ट सांगणाऱ्या बाईचं काम करणाऱ्या कार्ला गुजिनोचं निवेदन जरुरीपेक्षा जास्त आहे, आणि उत्तर इंग्लंडचा लहेजा तिला पूर्ण साधलेला नाही. फ्लॅनगनने स्वतः फक्त पहिला भाग दिग्दर्शित केला, बाकीचे वेगवेगळ्यांनी. ‘हिल हाउस’चे दहाही भाग त्याचे होते. तिथली एकसंध पकड इथे नाही, हे कॅमेऱ्याच्या हालचालीतही जाणवतं.

डॅनी आणि जेमीच्या शेवटावर एक आक्षेप बराच घेतला गेला: दोन स्त्रियांच्या प्रेमकथेत पुन्हा एकीला मरावंच का लागतं? आक्षेप खोटा नाही. टीव्हीवर हे वारंवार झालेलं आहे. पण इथे मरणाआधी त्यांना संसार दिलेला आहे: व्हरमाँटमध्ये फुलांचं दुकान, घर, भांडीकुंडी, रोजचं जगणं. सहाव्या भागात जेमी डॅनीला रात्री उमलून सकाळपर्यंत कोमेजणारं मूनफ्लॉवर दाखवते आणि सांगते की मरतं, कुजतं, म्हणूनच नवं उगवतं. सगळ्या ब्लायमध्ये सोडून देणं ज्ञात असलेली ती एकटी. तिलाच शेवटी दार बंद करवत नाही. अमेलिया ईव्हने हा रोखठोकपणा आणि त्यामागचं हळवेपण फार नेमकं धरलंय. तरीही नवव्या भागात ही सगळी वर्षं अर्ध्या-पाऊण तासात कोंबली आहेत. आणखी एक भाग त्यांना हक्काने मिळायला हवा होता.

मराठी प्रेक्षकाला प्रेम आणि भूत यांची जोडी नवी नाही. झी मराठीच्या ‘रात्रीस खेळ चाले’चं २०१९ सालचं दुसरं पर्व अण्णा नाईक आणि शेवंता यांच्यावरच उभं होतं, आणि कोकणातल्या त्या वाड्यात लोक रोज रात्री ओढले जात होते ते भुतापेक्षा त्या दोघांसाठी. दैनंदिन मालिकेची अडचण वेगळी: शेकड्यांनी भाग भरायचे, मग भुताला नियम ठरवून दिले तरी ते टिकत नाहीत, आज दिसणारं भूत उद्या कथेच्या सोयीने नाहीसं होतं. तिथे वासना, मालमत्ता आणि सूड यांनी भूत जन्माला येतं, ब्लायमध्ये विरहाने. दोन्हीत घर हेच मुख्य पात्र. ज्यांना अण्णा-शेवंताचं पर्व आवडलं पण मधलं पाणी घालणं आवडलं नाही, त्यांनी ब्लाय नक्की बघावी.

कशी बघावी याबद्दल. मोबाइलवर नको. बरीच भुतं अंधाऱ्या कोपऱ्यात, दारामागे, जिन्याच्या कठड्याआड उभी केलेली आहेत आणि कॅमेरा त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. टीव्हीचा ब्राइटनेस थोडा वाढवून, खोलीतले दिवे बंद करून बघितलं तरच ती सापडतात. उच्चार तऱ्हेतऱ्हेचे असल्याने सबटायटल्स सुरू ठेवावीत. पहिले तीन भाग एका बैठकीत संपवावेत, कारण पहिला संथ आहे आणि एकटा बघितला तर पुढे जायची इच्छा होत नाही. पाचव्याला दुसरं काम हातात घेऊ नये. दोन मिनिटं नजर हलली की कोणत्या आठवणीत आहोत हे सुटतं. सात, आठ आणि नऊ सलग. बुडणं, गळा दाबणं, आत्मसमर्पणाचं मरण आणि स्मृतिभ्रंश झालेली आई, हे विषय ज्यांना जड जातात त्यांनी आधी विचार करावा, आणि घरातल्या लहान मुलांना सोबत बसवू नये; मुलं त्यात आहेत म्हणून ती मुलांसाठी आहे असं नाही.

नऊ भाग संपल्यावर पहिला पुन्हा लावा आणि फक्त हॅनावर नजर ठेवा. तिचा न प्यायलेला चहा, नाकारलेलं जेवण, डॅनी पहिल्यांदा भेटते तेव्हा विहिरीकडे लागलेली तिची नजर. सगळं तिथेच ठेवलेलं आहे.